कूड, साग आणि सिमेंट : पेण-रोह्याच्या भिंतींचा इतिहास

गेल्या वर्षी मे महिन्यात रोह्याहून चाचांचा फोन आला. कुंडलिकेच्या पलीकडे, अष्टमीच्या बाजूला आमचं जुनं घर आहे. म्हणजे आता अर्धंच जुनं. पुढचा भाग अब्बांनी १९८४ मध्ये कुवेतच्या कमाईतून स्लॅबचा करून घेतला. मागचा, आजोबांच्या वेळचा कौलारू भाग तसाच राहिला. "खांब बघायला माणूस येऊन गेला," चाचा म्हणाले. अलिबागकडे कुणाचं तरी फार्महाऊस बांधायचं चाललं होतं आणि त्यांना जुन्या सागाचे खांब हवे होते. चार खांब, एक चौकट, दोन तुळया. त्याने सांगितलेली रक्कम ऐकून मी गप्प झालो. वखारवाल्याने मागच्या अख्ख्या भागाचं लाकूड, कौलं आणि दगड धरून जेवढे देऊ केले होते, त्याच्या दुपटीहून ती जास्त होती.

चाचांचा प्रश्न साधा होता. "आपण ज्याला मोडकं म्हणतोय, ते त्यांना एवढं महाग कसं?"

मी तेव्हा काहीतरी थातूरमातूर बोललो. नंतर मात्र वास्तुकलेवरची पुस्तकं वाचत बसलो (दक्षिणेला तोंड करून झोपू नका सांगणारी नव्हेत, दुसरी). गेली तीस-चाळीस वर्षं या क्षेत्रात 'मटेरियालिटी' नावाचा शब्द फार चालतो. मराठीत त्याला रुळलेला शब्द नाही. मी 'पदार्थपण' म्हणतो. इमारत म्हणजे नुसता आकार नव्हे. ती ज्या दगडाची, लाकडाची, मातीची आहे, त्या पदार्थाला स्पर्श असतो, वास असतो, वय असतं, आणि अर्थही तिथूनच येतो, अशी ही मांडणी. वाचताना पटते. पण पेण-रोह्याच्या भिंतींवर ती लावून बघितली, की तिला ठिकठिकाणी तडे जाताना दिसतात. चाचांना द्यायचं राहिलेलं उत्तर त्या तड्यांत आहे, असं मला वाटतं.

साग आणि साज

रोह्यावरून वाहणारी कुंडलिका रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी चौल. दहाव्या शतकातले अरब लेखक ज्याला 'सैमूर' म्हणतात ते हेच बंदर, असं इतिहासकार मानतात. अल-मसूदी हा प्रवासी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास, इथे आला होता. त्याने नोंदवलंय की सैमूरला दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदादचे लोक आहेत आणि 'बयासिरा'ही आहेत, म्हणजे इथेच जन्मलेले. कोकणातल्या मुसलमानांचा इतिहास तलवारीपासून सुरू करणाऱ्यांनी ही नोंद एकदा तरी वाचावी.

मला इथे रस आहे तो लाकडात. त्याच शतकातला भूगोलकार अल-इस्तखरी, इराणी किनाऱ्यावरच्या सिराफ शहराचं वर्णन करताना सांगतो, की तिथली घरं कित्येक मजल्यांची आहेत आणि सागाची, तसंच झंजच्या, म्हणजे पूर्व आफ्रिकेच्या, लाकडाची बांधलेली आहेत. साग आखातात उगवत नाही. तो हिंदुस्तानातून गलबतांवर चढून जायचा. अरबीत सागाला 'साज' म्हणतात, आणि हा शब्द आपल्याच 'साग'वरून तिकडे गेला. लाकडाबरोबर त्याचं नावही निर्यात झालं.

म्हणजे हजार वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावरचं लाकूड आखातात जाऊन घरं उभी करत होतं. आणि १९८४ मध्ये आखातातला पैसा परत येऊन, आमच्या घरातलं तेच लाकूड हटवून सिमेंट उभं करत होता. या उलट्या प्रवासाबद्दल अब्बांशी कधी बोलायला मिळालं नाही याची खंत आहे. त्यांना हसू आलं असतं.

आता घरातल्या एकेका वस्तूचा पत्ता शोधू. जोतं काळ्या दगडाचं. तो खरोखर इथलाच, दख्खनच्या लाव्हाचा. जांभा मात्र आमच्या बाजूला दक्षिणेकडून येतो. खांब सागाचे, त्यातले दोन 'ब्रह्मी' म्हणजे ब्रह्मदेशाचे, असं दादी अभिमानाने सांगायची. कौलं मंगळुरी. कोकणची ओळख म्हणून कॅलेंडरवर छापतात ती चपटी लाल कौलं १८६५ मध्ये मंगळूरला बासेल मिशनच्या कारखान्यात जर्मन मिशनऱ्यांनी काढायला सुरुवात केली. त्याआधी आपल्याकडे गावच्या कुंभाराची नळीची कौलं किंवा गवत-पेंढ्याचं छप्पर असायचं. मंगळुरी कौलं समुद्रमार्गे वर आली, भरतीच्या पाण्यावर होड्यांतून खाडीत शिरली. पेणला अंतोरा बंदर होतं, रोह्याला कुंडलिकाच होती. तांदूळ आणि मीठ बाहेर जायचं, परतीच्या होडीत असलं सामान यायचं.

तेव्हा 'पारंपरिक, स्थानिक साहित्याचं कोकणी घर' हे वाक्य वाचलं की मला आमची तुळई आठवते. ते घर स्थानिक होतं ते माल स्थानिक होता म्हणून नव्हे. ते दुरुस्त करणारे हात स्थानिक होते. कौल फुटलं तर बदलणारा माणूस दोन गल्ल्या सोडून राहायचा. मे महिन्यात कौलं परतायला तो न बोलावता यायचा.

विणलेली भिंत

घराच्या सगळ्यात मागे, न्हाणीजवळ, एक भिंत कुडाची होती. कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी शेणामातीचा गिलावा द्यायचा. कारवी सह्याद्रीच्या उतारावर वाढते, सात-आठ वर्षांतून एकदा फुलते आणि मग वाळते. पेण आणि रोह्याच्या डोंगरातल्या ठाकर आणि कातकरी वाड्यांवर अशा भिंती अजून दिसतात. आमच्या लहानपणी कुडाची भिंत म्हणजे गरिबीची खूण होती. ती पाहुण्यांना दिसू नये म्हणून पुढे गाद्यांचा ढीग ठेवलेला असायचा.

गंमत अशी, की युरोपातल्या वास्तुविचारात ही भिंत मानाच्या जागी बसली आहे. गॉटफ्रीड सेम्पर हा जर्मन वास्तुकार. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्याने कॅरिबियन बेटांवरच्या एका झोपडीचा नमुना पाहिला आणि त्याच वर्षी वास्तुकलेच्या चार मूलतत्त्वांवरचं पुस्तक प्रसिद्ध केलं. चूल, जोतं, छपराचा सांगाडा आणि विणलेला आडोसा ही ती चार तत्त्वं. त्याचं म्हणणं, भिंत मुळात दगडाची नव्हतीच. ती चटई होती, विणकाम होतं; दगड-विटांची भिंत नंतर आली आणि तिने विणकामाचे नक्षीनमुने अंगावर घेतले. पदार्थ बदलतो तेव्हा जुन्या पदार्थाचा आकार नव्यात उतरतो, याला त्याने एक नाव दिलं. मराठीत 'पदार्थांतर' म्हणता येईल. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सेम्परच्या विरुद्ध टोकाला इंग्रज रस्किन. १८४९ मध्ये त्याने वास्तुकलेचे सात दिवे सांगितले. त्यातला एक सत्याचा. लाकडाला संगमरवराचा रंग देणं, यंत्राने केलेलं काम हातकामासारखं मिरवणं, त्याच्या लेखी हे चक्क खोटं बोलणं होतं. पुढे १८९८ मध्ये व्हिएन्नात अडॉल्फ लूसने नियमच घालून दिला. वरचं आवरण आतल्या पदार्थाची नक्कल करणारं नको; लाकूड कुठल्याही रंगात रंगवा, फक्त लाकडाच्या रंगात नको. लूसला आमच्या चुलतभावाच्या हॉलमध्ये आणून बसवावं असं फार वाटतं. तिथे प्लायवूडवर सागाच्या रेषांचा सनमायका आहे, फरशी मोरबीची पण दिसायला लाकडाची, टीव्हीमागे पीव्हीसीचं पॅनेल पण दिसायला संगमरवर. बिचाऱ्याने सरबत न घेता काढता पाय घेतला असता.

'पदार्थाशी प्रामाणिक राहा' हा आधुनिक वास्तुकलेचा जवळजवळ कलमाच झाला. काँक्रीट असेल तर काँक्रीट दिसू दे, वीट असेल तर वीट. १९८३ मध्ये केनेथ फ्रॅम्प्टनने त्यात प्रदेशाची भर घातली. जगभर एकसारख्या काचेच्या पेट्या उभ्या राहताहेत, त्याला उत्तर म्हणून इमारतीने त्या जागेचा उजेड, हवा, जमीन आणि स्पर्श जागा ठेवला पाहिजे, असा त्याचा आग्रह. फिनलंडच्या युहानी पल्लास्माने १९९६ मध्ये डोळ्यांच्या जुलमाविरुद्ध त्वचेची बाजू घेतली. इमारत बघायची नसते, ती अंगाला लागायची असते.

या विचाराचं आपल्याकडचं सर्वांत देखणं रूप पेण-रोह्याच्या शेजारी, अलिबागच्या परिसरात आहे. आधी तिथे नारी गांधी होते. १९३४ चा जन्म, अमेरिकेत फ्रँक लॉइड राइटच्या हाताखाली शिकलेले. परत येऊन त्यांनी नकाशे फारसे न काढता, जागेवर गवंडी-सुतारांसोबत बसून वीट-दगडाची घरं उभी केली. १९९३ मध्ये ते गेले. त्यानंतर बिजॉय जैन यांचा 'स्टुडिओ मुंबई'. नांदगावच्या नारळीच्या बागेतलं त्यांचं 'पामायरा हाऊस' २००७ चं. ताडाच्या लाकडाच्या पट्ट्यांनी मढवलेल्या दोन लांबट पेट्या, हवा आरपार जाणारी. आगाखान पुरस्काराच्या २०१० च्या अंतिम यादीत ते होतं. त्याच वर्षी व्हेनिसच्या बिएनालेत जैन यांनी आपली कार्यशाळाच नेऊन मांडली. सुतारांचे नमुने, हत्यारं, लाकडाचे तुकडे. सुताराच्या हाताला जगाच्या मंचावर मान मिळाला. हे मी मनापासून लिहितोय. ताडाचं खोड आपल्याकडे ओंडका म्हणून टाकतात किंवा ओढ्यावर साकव म्हणून आडवं घालतात. त्याच्यात भिंत बघायला नजर लागते.

पण चाचांचा प्रश्न तिथेच उभा राहतो. स्पर्शाचं हे सगळं कौतुक करणारा माणूस आठवड्यातून दोन दिवस त्या घरात राहतो. आमच्या फुफीने मागच्या घराची जमीन वीस वर्षं सारवली. शेण आणायचं, कालवायचं, उकिडवं बसून हाताने ओढत मागे मागे यायचं. पावसाळ्यात ओल वर आली की पुन्हा. तिच्या त्वचेला त्या घराचं पदार्थपण पल्लास्मापेक्षा चांगलं ठाऊक होतं. १९८४ मध्ये पुढच्या भागात मोझॅक टाइल बसली तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद तिला झाला होता. आजही ती सांगते, पहिल्या दिवशी ती फरशीवर नुसती अनवाणी चालत राहिली. हाही स्पर्शच आहे, पण स्पर्शाच्या पुस्तकांत तो मला अजून भेटलेला नाही.

चुन्याची घाणी आणि सिमेंटचं परमिट

मागच्या भागाच्या दगडी भिंतीत चुना आहे. किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करत. तो विझवायचा, मुरवायचा, मग घाणीत मळायचा. गोल दगडी चर, त्यात फिरणारं दगडी चाक, ओढायला बैल. गूळ, हिरड्याचं पाणी असं काहीबाही त्यात घालायचे. चुना हळूहळू हवेतला कार्बन वायू शोषतो आणि पुन्हा दगड होतो. त्याला महिने, वर्षं लागतात. तो मऊ असतो, भिंतीबरोबर थोडा हलतो, ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो. चौलच्या ओसाड मशिदीत आणि हमामखान्यात अजून तो धरून आहे.

सिमेंटचा स्वभाव वेगळा. ते पाण्याशी संयोग पावून काही तासांत घट्ट होतं, महिनाभरात बहुतेक ताकद घेतं. घाई असलेल्या शतकाचा पदार्थ. १८२४ मध्ये इंग्लंडमध्ये त्याचं पेटंट घेतलं गेलं. आपल्याकडे १९१४ मध्ये पोरबंदरला कारखाना सुरू झाला. १९३६ मध्ये दहा कंपन्या मिळून एसीसी झाली. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर काँक्रीटच्या गोलसर गच्च्या आल्या. रोह्यात मात्र सिमेंट बराच काळ पूल आणि सरकारी कचेऱ्यांपुरतं होतं.

याचं एक कारण राजकीय. सत्तरच्या दशकात आणि ऐंशीच्या सुरुवातीला सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. भाव ठरलेला, वाटप परमिटवर. घर बांधणाऱ्याने गोणीसाठी अर्ज करायचा आणि वाट बघायची. याच सिमेंटने रायगडच्या माणसाचं मुख्यमंत्रिपद घेतलं. बॅरिस्टर ए. आर. अंतुले म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचे. महाराष्ट्राचे पहिले, आणि आजवर एकमेव, मुस्लिम मुख्यमंत्री. कुलाबा जिल्ह्याला 'रायगड' हे नाव १९८१ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत मिळालं. बिल्डरांना सिमेंटचा कोटा देताना ट्रस्टसाठी देणग्या घेतल्याचा आरोप झाला, जानेवारी १९८२ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेला आणि त्यांनी राजीनामा दिला. पुढे त्यांच्यावरचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथला सात न्यायाधीशांच्या पीठाचा १९८८ चा निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही अभ्यासतात. राजीनाम्यानंतर दीडेक महिन्यात, फेब्रुवारी १९८२ अखेर, सिमेंट अंशतः नियंत्रणमुक्त झालं. १९८९ मध्ये पूर्ण.

आमच्या मोहल्ल्यात अंतुल्यांबद्दल आजही दोन पक्ष आहेत आणि दोन्ही जोरात बोलतात. मला वेगळीच गोष्ट दिसते. १९८२ नंतर खुल्या बाजारात सिमेंट मिळू लागलं आणि नेमकं तेव्हाच कुवेत, सौदी, दुबईचे ड्राफ्ट पोस्टाने येत होते. या दोन गोष्टी एकत्र आल्या नसत्या तर खाडीकाठच्या मुस्लिम वस्त्यांचं रूप एका पिढीत एवढं बदललं नसतं. 'दुबईवाल्यांची दिखाऊ घरं' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हा हिशेब कधी मांडला नाही.

आणि ती घरं दिखाऊ आहेत का? अब्बांनी बांधलेल्या पुढच्या भागाकडे मी आता पुन्हा बघतो. व्हरांड्याच्या काँक्रीटच्या खांबांना खाली कुंभी आणि वर गोट काढला आहे, मागच्या सागाच्या खांबांना आहे तसाच. खिडक्यांवर सिमेंटची जाळी, तिचा नमुना मागच्या माडीच्या लाकडी जाळीचा. गवंड्याने तो कागदावर उतरवून घेऊन साचा केला होता, हे मला आठवतं. पुढची पडवी गेली नाही, ती पोर्च झाली. रस्किन म्हणेल, खोटं. सेम्पर म्हणेल, पदार्थांतर. मी सेम्परच्या बाजूने उभा आहे. अब्बा जुनं घर विसरले नव्हते. हाताशी आला त्या पदार्थात ते त्यांनी पुन्हा सांगितलं. उलट तेच चार सागाचे खांब अलिबागच्या फार्महाऊसमध्ये गेले, तर वरच्या स्लॅबचं ओझं लपवलेल्या काँक्रीटच्या खांबांवर असेल आणि सागाचे खांब नुसते शोभेला उभे राहतील. अस्सल पदार्थ, पण काम काहीच नाही. लूसचा नियम तिथे कोण लावणार?

असं म्हणून मी आमच्या स्लॅबची वकिली करत नाही. तो गळतो. त्या काळी खाडीची रेती नीट न धुता वापरली जायची. तिच्यातल्या मिठाने आतली सळई गंजली, गंजून फुगली आणि आता छताचे पोपडे ताटात पडतात. मे महिन्यात वरच्या खोलीत झोपवत नाही. सागाने शंभर पावसाळे काढले, स्लॅबला चाळीस जड गेले.

३ जून २०२०

तरीही स्लॅब हवा असं सगळे का म्हणतात, ते निसर्ग चक्रीवादळाने शिकवलं. ३ जून २०२० ला दुपारी ते रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि आत रोहा, माणगावकडे सरकलं. लॉकडाऊनचे दिवस, सगळे घरात. चाचा-चाची मागच्या भागात होते. कौलं पत्त्यांसारखी उडायला लागली तेव्हा दोघं पुढच्या, स्लॅबच्या भागात धावले, आणि त्यांच्याबरोबर शेजारची तीन कुटुंबं. त्यांतलं एक आगऱ्यांचं, एक मागच्या वाडीतलं. संध्याकाळपर्यंत त्या गळक्या स्लॅबखाली पंधरा-सोळा माणसं बसून होती. नंतर कित्येक दिवस वीज नव्हती, कौलं मिळेनात, पत्र्याचे भाव चढले, कौल बसवणारा कारागीर तर शोधूनही सापडेना. ज्याला जमलं त्याने त्या वर्षी छप्पर काढून स्लॅब टाकला.

टिम इंगोल्ड नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाचा २००७ चा एक निबंध आहे. सुरुवातीलाच तो वाचकाला सांगतो, बाहेरून एक दगड आणा, पाण्यात भिजवा आणि वाचताना समोर ठेवा. वाचून होईपर्यंत दगड वाळलेला, बदललेला असेल. पदार्थपणावर बोलणारे पदार्थांकडेच बघत नाहीत, अशी त्याची तक्रार. रोह्यात जुलैमध्ये हा प्रयोग फसेल. इथे दगड वाळत नाही. पण तक्रार खरी आहे. वादळात घराचा पदार्थ म्हणजे स्पर्श नव्हे, वजन.

पेणची माती

पेणला हा वाद घरांपेक्षा गणेशमूर्तींवरून जास्त पेटतो. शाडू की प्लास्टर ऑफ पॅरिस? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये पीओपीच्या मूर्तींविरुद्ध नियमावली काढली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. जून २०२५ मध्ये मूर्ती घडवायला मुभा मिळाली, नैसर्गिक पाण्यातल्या विसर्जनावर निर्बंध राहिले. हमरापूर-जोहे पट्ट्यातल्या हजारो हातांचं पोट त्या एका ओळीवर लटकलेलं होतं. मूर्ती कशाची असावी हा माझ्या अधिकारातला विषय नाही. पण एक गोष्ट कारखान्यात उभं राहून ऐकली ती सांगतो. 'आपली माती' म्हणून जिचा गौरव होतो ती शाडू पेणला गुजरातमधून ट्रकने येते. आणि पीओपी, तापवून पाणी काढलेला जिप्सम, तोच पदार्थ रोह्याच्या प्रत्येक नव्या हॉलच्या फॉल्स सीलिंगला लागतो. मूर्तीत असला तर कोर्टात, छताला असला तर इंटिरियरच्या बिलात. पदार्थ तोच, तो पाण्यात जाणार की नाही एवढाच फरक.

मग पेणचा आजचा स्थानिक पदार्थ कोणता? उत्तर थोडं विचित्र आहे. धरमतर खाडीवर डोलवीला पोलादाचा मोठा कारखाना आहे. खनिज बार्जने खाडीत येतं, भट्टीतून लोखंड निघतं आणि मागे मळी उरते, स्लॅग. ती दळून तिथेच सिमेंट होतं. स्लॅग सिमेंटमध्ये मानकाप्रमाणे २५ ते ७० टक्के स्लॅग चालतो, आणि खाऱ्या हवेत ते साध्या सिमेंटपेक्षा सळईला जास्त सांभाळतं. फ्रॅम्प्टनच्या व्याख्येत हे बसेल का? पेण तालुक्यात तयार होणारा, इथल्या खाऱ्या वाऱ्याला टिकणारा पदार्थ. मंगळुरी कौलं चालली तर हे का चालू नये?

मशिदीचं छप्पर

हे सगळं मी घरापुरतं लिहून थांबलो असतो. पण मोहल्ल्यातल्या मशिदीबद्दल बोललो नाही तर हा लेख अर्धा राहील, आणि थोडा भित्राही.

कोकणातल्या जुन्या मशिदी आठवून बघा. उतरतं कौलारू छप्पर, लाकडी खांब, पुढे पडवी, बाजूला हौद. लांबून बघितलं तर शेजारच्या देवळाचं आणि तिचं छप्पर सारखंच, कारण पाऊस दोघांवर सारखाच पडतो आणि सुतारही बहुधा एकच. घुमट नाही, मिनार असलाच तर बुटका. आमची मशीद अशीच होती. नव्वदच्या दशकात कमिटीने ती उतरवली. गर्दी मावत नव्हती, वासे किडले होते, कारणं खरी होती. जागी स्लॅब आला, हिरवा घुमट आला, चार मिनार आले, भिंतीला पांढऱ्या टाइल्स. जुन्या छताच्या लाकडाचं काय झालं कुणाला सांगता येत नाही. जुन्या मशिदीचा एकही फोटो मला मिळालेला नाही. एका लग्नाच्या फोटोत मागे तिच्या पडवीचा कोपरा दिसतो, तेवढाच.

घरात अब्बांनी जे केलं ते मशिदीत झालं नाही. तिथे जुना आकार नव्या पदार्थात उतरला नाही. दुसरीकडचा आकार आणून बसवला. 'मशीद अशीच दिसते' हे आम्हाला कुणी शिकवलं? थोडं कॅलेंडरांनी, थोडं आखाताने. आणि मागे जाऊन बघितलं तर जेम्स फर्ग्युसनसारख्या ब्रिटिश विद्वानांनी. १८७६ च्या आपल्या ग्रंथात त्याने हिंदुस्तानी वास्तुकलेची वाटणी बौद्ध, जैन, हिंदू आणि 'सारासेनिक' अशी धर्माच्या खान्यांत केली. मुसलमानांच्या खान्यात मुख्यतः सुलतान-बादशहांचे दगडी घुमट आले. मच्छीमार, खलाशी आणि तांदळाच्या व्यापाऱ्यांनी बांधलेली कौलारू मशीद त्या खान्यात कुठे बसणार? आम्ही ती पाडून स्वतःच त्या खान्यात जाऊन बसलो.

हे मला छळतं, कारण त्याची किंमत आज मोजावी लागते. 'तुम्ही बाहेरून आलात' असं कुणी म्हणतं तेव्हा अल-मसूदीचा दाखला देऊन भागत नाही; पुस्तक कोण उघडतो? कौलारू मशीद हा न बोलता उभा असलेला पुरावा होता. तिचे वासे सांगत होते की ही माणसं इथल्या पावसातली आहेत.

केरळात कोडुंगल्लूरच्या चेरमान मशिदीला हेच झालं होतं. १९७४ पासून तिच्यासमोर काँक्रीटचा विस्तार आणि मिनार वाढत गेले. अलीकडे मुझिरिस वारसा प्रकल्पात वास्तुकार बेनी कुरियाकोस यांच्या देखरेखीखाली ते वाढीव भाग उतरवले गेले आणि जुनं उतरत्या छपराचं रूप परत आलं. वाढलेल्या नमाज्यांसाठी जागा जमिनीखाली केली. तिथल्या कमिटीने याला होकार दिला, ही त्यातली मोठी गोष्ट. आमच्या कमिटीपुढे मी हा विषय काढला. वजूखान्याची मोटार बिघडली होती, त्यावर चर्चा जास्त झाली.

या वर्षी ईदला रोह्याला गेलो तेव्हा टेप बरोबर नेला होता. चुलतभावाच्या मुलीला, ती पनवेलला इंटिरियरचा डिप्लोमा करते, सोबत घेतलं आणि मागच्या भागाची मापं काढली. खांबांमधलं अंतर, तुळईची जाडी, जोत्याची उंची, कुडाच्या भिंतीचं जे उरलंय ते. तिने मशिदीच्या पडवीचा तो लग्नातल्या फोटोतला कोपराही मोबाईलवर मोठा करून खांब मोजले. दोन पूर्ण दिसतात, तिसरा नवऱ्या मुलाच्या सेहऱ्यामागे आहे. आता ती मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांना विचारत फिरते, एकूण किती होते. कुणी सहा म्हणतं, कुणी आठ.

खांबांचा निर्णय झालेला नाही. कौलं परतायला माणूस मिळाला नाही म्हणून चाचांनी पावसाआधी वर निळी ताडपत्री टाकली. अलिबागचा माणूस दिवाळीनंतर पुन्हा येणार आहे, आणि या वेळी त्याला कुडाची भिंतही बघायची आहे म्हणे.